शिक्षण पूर्ण झाल्यावर जोडीदाराच्या वर्क परमिटचे काय?

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि तिची मुदत तीन वर्षांची होती. एवढ्या बळावर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपल्यामुळे १९१७ मध्ये प्रबंध अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र न विसरता केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ती परवानगी हाती होती म्हणून १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मुदत संपण्याच्या आत अर्ज करणे किती मोलाचे असते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्यापुढे नाही. त्या साऱ्या काळात माता रमाई इकडे मुंबईत संसार ओढत होत्या. जोडीदाराला सोबत नेण्याचा विचारही त्या वेळी करता येण्यासारखा नव्हता.

आज परिस्थिती बदलली आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, किंवा बँकेचे शैक्षणिक कर्ज यांच्या आधाराने आपली मुले-मुली परदेशी विद्यापीठांत जात आहेत. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा अशा तालुक्यांच्या गावांतूनही आता चौकशी होऊ लागली आहे. त्यांतील काही विवाहित असतात, तर काहींचे लग्न जाण्याच्या तोंडावर होते. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते, तिच्यात जोडीदाराचा संसार भागत नाही. म्हणून जोडीदार तेथे काम करतो आणि त्या पगारावर घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि कधी कधी गावाकडच्या आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्चही चालतो. पदवी मिळाल्याचे पेढे इकडे गावात वाटले जात असतात आणि तिकडे नेमका त्याच महिन्यात जोडीदाराच्या वर्क परमिटचा प्रश्न उभा राहतो. तो वेळीच न सोडवल्यामुळे नोकरी गेली, असे प्रसंग घडतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

मूळ तत्त्व एकच आहे. जोडीदाराचा परवाना स्वतंत्र नसतो, तो विद्यार्थ्याच्या परवान्याला बांधलेला असतो. विद्यार्थी शिकत असतो तोवर तो 'विद्यार्थ्याचा जोडीदार' म्हणून काम करतो. शिक्षण संपले की ही खुंटी निखळते. आता त्याला दुसऱ्या खुंटीला बांधून घ्यावे लागते, ती म्हणजे 'नोकरदाराचा जोडीदार' ही. म्हणजे आपण ज्याला मुदतवाढ म्हणतो ती खरे तर जुन्या कागदावर नवी तारीख टाकून मिळत नाही. तो नव्या आधारावरचा नवा अर्ज असतो आणि त्याच्या अटीही वेगळ्या असतात. बहुतेकांची फसगत येथेच होते. 'मागच्या वेळी मिळाले, आताही मिळेल' असे धरून ते बसतात.

कॅनडाचे उदाहरण विस्ताराने घेतो, कारण तेथील नियम गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक बदलले आहेत आणि जुनी माहिती सांगणारेच जास्त भेटतात. पूर्वी तेथे बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदाराला खुले वर्क परमिट मिळत असे. खुले म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेले. मार्च २०२४ पासून ते मुख्यतः पदव्युत्तर आणि डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांच्या व काही व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारापुरते उरले. २१ जानेवारी २०२५ पासून त्यात आणखी अट आली. पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा हवा. एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आता या मार्गाने परमिट मिळत नाही. प्रवेश घेतानाच हे पाहिले पाहिजे. वर्षभराचा अभ्यासक्रम स्वस्त पडतो म्हणून निवडायचा आणि मग जोडीदार दोन वर्षे घरी बसून राहायचा, हा हिशेब आतबट्ट्याचा ठरतो.

आता समजा, घनसावंगी तालुक्यातील एक मुलगी वीस महिन्यांच्या मास्टर्ससाठी गेली आणि तिचा नवरा खुल्या परमिटवर तेथे काम करू लागला. (नवरा शिकतो आणि बायको काम करते, असेच चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो. आता उलटही होते, आणि होऊ द्यावे.) तिचा अभ्यासक्रम एप्रिल २०२६ मध्ये संपला. तिच्या स्टडी परमिटवर आणि नवऱ्याच्या वर्क परमिटवर जुलै २०२६ ची तारीख आहे. तिला विद्यापीठाकडून अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे लेखी पत्र मिळाले, की तेथून १८० दिवसांच्या आत तिने पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटसाठी अर्ज करायचा. स्टडी परमिटची मुदत शिल्लक असतानाच हा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत तिला पूर्ण वेळ काम करता येते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. परमिटवर पुढची तारीख छापलेली असली तरी अभ्यासक्रम संपल्यावर ९० दिवसांनी स्टडी परमिट आपोआप निकामी होते. छापील तारखेवर विसंबू नये.

हे पोस्ट-ग्रॅज्युएशन परमिट आयुष्यात एकदाच मिळते. मास्टर्स झालेल्यांना फेब्रुवारी २०२४ पासून ते तीन वर्षांपर्यंत मिळू शकते, अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी असला तरीही. परंतु पासपोर्टची मुदत जेथे संपते तेथेच परमिटही संपते. पासपोर्टला दीड वर्ष उरले असेल तर परमिटही दीड वर्षाचे, मग उरलेल्या काळासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क. म्हणून शेवटचे सत्र सुरू होतानाच दोघांचेही पासपोर्ट काढून तारखा पाहाव्यात. १ नोव्हेंबर २०२४ नंतर अर्ज करणाऱ्यांना इंग्रजी किंवा फ्रेंचच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतली म्हणून सूट मिळत नाही.

इथवर तिचे झाले. आता नवऱ्याचे. तिच्या हाती पोस्ट-ग्रॅज्युएशन परमिट आले म्हणून त्याला आपोआप काही मिळत नाही. तिने नोकरी धरलेली असली पाहिजे, आणि तीही ठरावीक दर्जाची. कॅनडात सर्व कामधंद्यांची एक सरकारी यादी आहे आणि त्यात प्रत्येक कामाला शून्य ते पाच असा स्तर दिलेला आहे. त्याला 'टीअर' म्हणतात. शून्य म्हणजे व्यवस्थापक, एक म्हणजे बहुधा विद्यापीठाची पदवी लागणारी कामे, आणि पाच म्हणजे प्रशिक्षण न लागणारी कामे. २१ जानेवारी २०२५ पूर्वी शून्य ते तीन यांपैकी कोणताही स्तर चालत असे. त्यानंतर मात्र शून्य आणि एक, आणि दोन-तीनमधील फक्त निवडक कामे, म्हणजे आरोग्य, शिक्षण, बांधकाम, विज्ञान-तंत्रज्ञान अशा क्षेत्रांतील काही पदे, एवढीच मान्य आहेत. सॉफ्टवेअर अभियंता किंवा अकाउंटंट पहिल्या स्तरात बसतो. कार्यालयातील प्रशासकीय सहायकाचे काम तिसऱ्या स्तराचे आहे, पण निवडक यादीत नाही. उपाहारगृहाच्या काउंटरवरचे काम तर पाचव्या स्तराचे. पदवी मिळाल्यावर 'आधी मिळेल ते काम धरू, मग बघू' असे आपली मुले करतात, आणि परिस्थितीने ते समजण्यासारखेही आहे. पण जोडीदाराचे परमिट संपत आले असेल तर मिळेल त्या कामाने पोट भरते, परमिट वाढत नाही.

दुसरी अट वेळेची. जोडीदाराचा अर्ज पोहोचेल त्या दिवशी तिच्या स्वतःच्या वर्क परमिटवर निदान १६ महिने शिल्लक हवेत. तीन वर्षांच्या परमिटवर पहिली वीस महिने नोकरी शोधण्यात गेली आणि एकविसाव्या महिन्यात चांगली नोकरी लागली, तर ती नोकरी जोडीदाराच्या कामी येत नाही. पासपोर्टमुळे परमिट लहान झालेले असेल तर हे आणखी लवकर घडते.

अर्जासोबत काय जोडायचे? तिच्या मालकाचे पत्र, ज्यात पद, कामाचे स्वरूप, पगार आणि रुजू झाल्याची तारीख असेल. शेवटच्या तीन पगारपावत्या. तिच्या वर्क परमिटची प्रत. लग्नाचा दाखला. दोघे एकत्र राहतात हे दाखवणारा भाडेकरार किंवा वीजबिल. मालकाच्या पत्रात नुसते पदनाम असून भागत नाही, प्रत्यक्ष काय काम करते ते लिहिलेले असावे, कारण अधिकारी पदनामापेक्षा कामाचे वर्णन यादीशी ताडून पाहतो. 'मॅनेजर' असे पत्रात लिहून काम गल्ल्यावर बसण्याचे असेल तर ते टिकत नाही.

तारखेच्या आत अर्ज गेला, मग निर्णयाला कितीही दिवस लागोत, जोडीदार जुन्या अटींवर काम चालू ठेवू शकतो. त्याला 'मेंटेन्ड स्टेटस' म्हणतात. या नियमाचा आधार फार मोठा आहे, पण त्याला दोन कडा आहेत. निर्णय येण्यापूर्वी जोडीदार कॅनडाबाहेर गेला, म्हणजे समजा इकडे कोणाच्या लग्नाला आला, तर हा आधार तुटतो आणि परत गेल्यावर नवे परमिट हाती पडेपर्यंत त्याला काम करता येत नाही. आणि अर्ज नामंजूर झाला तर त्या दिवसापासून काम थांबवावे लागते. मुदत उलटून गेल्यावर जाग आली तर ९० दिवसांच्या आत दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, त्याचे वेगळे शुल्क पडते, पण त्या काळात काम करणे हा गुन्हा आहे. मालक 'रोखीने देतो, कोणाला कळत नाही' असे म्हणाला तरी करू नये. पुढे कायम वास्तव्याच्या अर्जात प्रत्येक महिन्याचा हिशेब द्यावा लागतो, तेव्हा ते कळतेच.

नोकरी मान्य स्तराची मिळालीच नाही तर? तर मुदत संपण्याआधी जोडीदाराने पर्यटक म्हणून राहण्याची परवानगी मागावी. तीत काम करता येत नाही, पण तेथील वास्तव्य कायदेशीर राहते, कुटुंब एकत्र राहते, आणि नोकरी लागताच नवा अर्ज करता येतो. काही जण कमीपणा वाटून हा मार्ग टाळतात. त्यात कमीपणाचे काही नाही.

ज्यांचे जोडीदार २०२५ पूर्वीच्या नियमाने तेथे गेले आहेत आणि ज्यांना मुख्य परमिटपेक्षा कमी मुदतीचे परमिट दिले गेले, त्यांच्यासाठी एक सवलत ठेवलेली आहे. विद्यार्थ्याचे किंवा नोकरदाराचे जे परमिट चालू आहे, त्याच्याच शेवटच्या तारखेपर्यंत, जुन्याच आधारावर आणि कॅनडात राहूनच, त्यांना वाढ मागता येते. विद्यार्थ्याचा आधार बदलला की मात्र नवे नियम लागू.

इंग्लंडची रीत वेगळी आहे. तेथे १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी जोडीदार नेण्याची मुभा फक्त पीएच.डी. किंवा संशोधनप्रधान पदवी करणाऱ्यांना, आणि सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमाला सरकारी खर्चाने गेलेल्यांना उरली आहे. हा शेवटचा मुद्दा आपल्या विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. शासनाच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने आपली शिष्यवृत्ती त्या व्याख्येत बसते की नाही, हे विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाकडून लेखी घ्यावे आणि शिष्यवृत्तीचे पत्र इंग्रजीत, शासनाच्या नाममुद्रेवर, सोबत ठेवावे. पदवीनंतर तेथे ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, सर्वसाधारण पदवीला दोन वर्षे, पीएच.डी.ला तीन वर्षे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी अठराच महिने मिळणार आहेत, पीएच.डी.चे तीन वर्षे कायम आहेत. जोडीदाराने विद्यार्थ्याच्या अर्जाबरोबरच आपला अर्ज करायचा, इंग्लंडमध्ये राहूनच, आणि विद्यार्थ्याचा व्हिसा संपण्याआधी. त्यासाठी विद्यापीठाने गृह खात्याला 'याने अभ्यासक्रम पुरा केला' असे कळवलेले असावे लागते, म्हणून निकालाआधी घाईने अर्ज करू नये. जोडीदाराच्या नोकरीचा स्तर वा विद्यार्थ्याची नोकरी तेथे पाहत नाहीत, ही सोय मोठी आहे. परंतु जो विद्यार्थी-काळात अवलंबित म्हणून नोंदलेला नव्हता, त्याला या टप्प्यावर नव्याने जोडता येत नाही. मध्यंतरी लग्न केलेल्यांची येथे अडचण होते. शिवाय ग्रॅज्युएट व्हिसा वाढत नाही. तो संपण्यापूर्वी कुशल कामगाराच्या व्हिसावर जावे लागते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की तेथे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, म्हणजे एफ-२ व्हिसावर असलेल्याला, कामाची परवानगी मुळातच नाही, मग वाढवायचे काय? पदवीनंतर विद्यार्थ्याला एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी दोन वर्षे, काम करता येते, पण जोडीदार घरीच. पुढे विद्यार्थी एच-१बी वर गेला आणि त्याच्या ग्रीन कार्डाची आय-१४० ही पायरी मंजूर झाली, की जोडीदाराला एच-४ वर काम करण्याचे कार्ड मिळू शकते. ही सोय २०१५ पासून आहे. या कार्डाच्या नूतनीकरणात पूर्वी अर्ज प्रलंबित असताना ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढ मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. आता कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधी, अर्ज स्वीकारला जातो त्या पहिल्याच दिवशी, तो टाकावा. एक दिवसही वाया घालवू नये. ऑस्ट्रेलियात मात्र पदवीधराच्या ४८५ व्हिसात जोडीदाराचे नाव घालता येते आणि मग कामाच्या तासांवर बंधन राहत नाही. विद्यार्थी-काळात मास्टर्स किंवा डॉक्टरेट नसलेल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना पंधरवड्याला ४८ तासांचीच मर्यादा असते. तेथे जाताना पहिल्याच अर्जात जोडीदाराचे नाव जाहीर करावे, तो लगेच जाणार नसला तरी. जर्मनीत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला निवासाचा परवाना मिळाला की त्यातच कामाची परवानगी असते.

परमिट वाढून आले तरी काम संपत नाही. कॅनडात तात्पुरत्या रहिवाशाचा सामाजिक विमा क्रमांक नऊने सुरू होतो आणि त्यालाही परमिटचीच शेवटची तारीख असते. नवे परमिट आल्यावर तो क्रमांक अद्ययावत करावा लागतो, नाहीतर पगारविभाग पगार अडवतो. प्रांताच्या आरोग्य कार्डाचेही तसेच. नव्या परमिटवर 'आरोग्यसेवा किंवा बालसंगोपनात काम करता येणार नाही' अशी ओळ छापली आहे का, तेही पाहावे. वैद्यकीय तपासणी जोडली नाही तर ती ओळ येते, आणि आपल्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुलींच्या हातचे काम तीमुळे जाते.

सल्लागारांबद्दलही लिहिले पाहिजे. कॅनडाच्या व्हिसाविषयी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांना, नोंदणीकृत सल्लागारांना आणि क्यूबेकच्या नोटरींनाच आहे. नोंदणीकृत सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत कोणालाही पाहता येते. आपल्याकडे शहरात पाटी लावून बसलेला माणूस विद्यापीठातील प्रवेशापुरता उपयोगी असेल, पण त्याने भरलेल्या अर्जातील खोट्याची जबाबदारी सही करणाऱ्या विद्यार्थ्याची असते. आणि शिष्यवृत्ती घेतलेल्यांनी आधी आपले हमीपत्र पुन्हा वाचावे. शिक्षण संपल्यावर परतण्यासंबंधी त्यात जे लिहून दिले असेल ते जोडीदाराच्या परमिटच्या आधी येते. बाबासाहेबांनीही बडोद्याला दहा वर्षे सेवा करण्याचा करार लिहून दिला होता आणि परतल्यावर ते आधी बडोद्यालाच रुजू झाले.

राहिला लग्नाचा दाखला. तो येथेच, जालन्यात, जाण्यापूर्वी करायचा आहे. आपली लग्ने विहारात किंवा मंडपात, भन्तेजी किंवा बौद्धाचार्य यांच्या हस्ते, बौद्ध पद्धतीने होतात आणि ती कायद्याने वैध आहेत. परंतु विहाराचा किंवा संस्थेचा दाखला परदेशी अधिकारी सहसा पुरेसा मानत नाहीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद करून सरकारी प्रमाणपत्र घ्यावे. गावात ते काम ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) करतात, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका. लग्न लावणाऱ्यांची आणि साक्षीदारांची सही लागते, म्हणून वर्षे लोटण्यापूर्वी हे करावे. भन्तेजी दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेले आणि साक्षीदार मामा वारले, मग पळापळ होते. लग्नपत्रिका आणि चार-सहा फोटो जपून ठेवावेत. नावाचा घोळ तर ठरलेला. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, विवाह प्रमाणपत्रावर पतीचे, पदवीवर माहेरचे आडनाव. तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. नाव बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडे बदलावे, बदलायचे नसेल तर कोठेही बदलू नये, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. तेव्हा नोंद करतानाच मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील प्रमाणपत्र मागावे, आणि त्यावरील प्रत्येक नावाचे स्पेलिंग पासपोर्ट शेजारी ठेवून, एकेक अक्षर बोटाने दाखवून, कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासून घ्यावे.